पूजेतले पाते आणि बाजारातले पाते

आश्विन शुद्ध नवमीला घरातील लोखंडाला मान मिळतो. एरवी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून असणारी विळी त्या दिवशी राखेने घासली जाते, तिच्या पात्यावर हळदकुंकवाची बोटे उठतात, पाटावर झेंडूचे फूल वाहिले जाते. विळा, खुरपे, कुऱ्हाड, सुताराचा वाकस, शिंप्याची कात्री, न्हाव्याचा वस्तरा, आणि अलीकडे अंगणातला ट्रॅक्टर व मोटारसायकलदेखील, अशी सारी मंडळी पूजेला बसतात. खंडा म्हणजे खड्ग. त्यावरून या नवमीचे नाव खंडेनवमी. ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या तलवार नव्हती त्यांनीही ही नवमी तितक्याच निष्ठेने पाळली, कारण शस्त्र आणि अवजार यांत आपल्या लोकांनी फारसा भेद मानला नाही.

एवढे सारे होते. परंतु ज्या पात्यावर आपण फूल वाहतो ते कोणाच्या हातून घडले, कोणत्या भावाने घेतले, आणि बोथट झाल्यावर ते कोणाच्या हवाली करायचे, हा विचार पूजेच्या ताटापर्यंत पोहोचत नाही. नवी विळी घ्यायची झाली तर आपण शेजारी विचारतो, ‘कोठून घेतली? कितीला दिली?’ तिसरा प्रश्न विचारायचा राहतो : ‘धार गेली तर तो माणूस पुन्हा भेटतो का?’ चांगले दुकान कोणते याची कसोटी प्रस्तुत लेखकाच्या मते या तिसऱ्या प्रश्नात आहे. जो पाते विकतो त्याने धारेची जबाबदारी घेतली पाहिजे, आणि जो विकत घेतो त्याने त्या जबाबदारीचे दाम मोजले पाहिजेत. हे बोलायचे ते कड्यासारख्या गावाकडे पाहून, कारण तेथे पात्याचा प्रश्न भाजी चिरण्यापुरता राहत नाही.

कडा हे बीड जिल्ह्याच्या पश्चिम अंगाचे, आष्टी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. नगरहून आष्टी-जामखेडकडे जाणारा रस्ता येथून जातो. येथे बाजार समिती आहे, कांद्याचा व्यापार आहे, आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांची खरेदीविक्री येथे होते. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात असला, तरी या भागाच्या बाजारहाटाचे तोंड नगरकडेच राहिले. ते नगर आता २०२४ पासून अहिल्यानगर झाले. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा लोहमार्ग सुरू झाला तेव्हा कड्याला स्थानक मिळाले, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी गाडी पुढे बीडपर्यंत गेली. ज्या गावाने पिढ्यान् पिढ्या रेल्वेची नुसती चर्चा ऐकली त्या गावातून आता कोणालाही गाडीत बसून नगरला जाता येते, आणि तेथून पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीपर्यंत जाऊन हवे ते हत्यार आणता येते. हे चांगलेच झाले. पण विळीची खिळण ढिली झाली म्हणून कोणी पुण्याला जात नाही. रोजच्या वापराची वस्तू घराच्या हाकेच्या अंतरावर दुरुस्त व्हावी लागते.

आणि या भागातील रोजच्या वापराची सर्वांत मोठी वस्तू म्हणजे कोयता. दसरा-दिवाळीच्या आगेमागे आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या बाजूंची असंख्य कुटुंबे ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम त्यांच्या हातावर चालतो. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुळली. या व्यवहाराची भाषा ऐकावी. तेथे माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा मनुष्य म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे देतो, आणि कारखान्याशी करार करतो तोही अमुक इतक्या कोयत्यांचा. दोन जिवांचा संसार ज्या हत्याराच्या नावाने ओळखला जातो, ते हत्यार खंडेनवमीला त्या घरात देव्हाऱ्यापुढे ठेवले जाते यात नवल ते काय!

आता हे हत्यार कसे चालते ते पाहू. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. साखरेचा अंश बुडाकडच्या पेरांत अधिक असतो, आणि बुडखा उंच राहिला तर पुढे खोडव्याची फूटही नीट येत नाही. म्हणून मजुराने कमरेत वाकून, जवळजवळ मातीला टेकवून घाव घालायचा. तेथे माती असते, खडे असतात, वाळलेले पाचट असते. मग त्याच पात्याने पाचट सोलायचे, वाढे छाटायचे, ऊस टाकत पुढे सरकायचे. मागून बाई मोळ्या बांधते आणि गाडी भरायला डोक्यावरून वाहते. मजुरी टनावर मिळते. २०२४ च्या जानेवारीत तीत ३४ टक्के वाढ झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहून आले, आणि ते योग्यच होते. परंतु टनाचा दर ठरला म्हणजे मजुरी ठरली असे होत नाही. एका घावात तुटणारा ऊस बोथट पात्याला दोन घावांत तुटतो. दुसरा घाव हा बिनमजुरीचा घाव होय. तो मनगटात, खांद्यात आणि कमरेत जमा होतो आणि संध्याकाळी वजनकाट्यावर दिसत नाही.

म्हणून, विळीच्या खरेदीत फसलेल्या गृहिणीचे नुकसान होते ते भाजीचे तुकडे ओबडधोबड होण्याइतके; कोयत्याच्या खरेदीत फसलेल्या जोडप्याचे नुकसान पाच-सहा महिने रोज होत राहते. निघण्याच्या घाईत, उचलीच्या पैशांतून, बाजारात ढिगाने ठेवलेल्या पात्यांतून एक उचलायचे आणि वीस रुपये कमी करून घ्यायचे. मग पहिल्याच पंधरवड्यात ते वाकले किंवा त्याचा टवका उडाला की कारखान्याच्या तळावर मिळेल त्या भावाने दुसरे घ्यायचे. कोपीत राहणाऱ्या माणसाला तेथे ना दुकानदाराची ओळख, ना परत करण्याची सोय. कड्याच्या बाजारात त्याची ओळख असते. तेथे त्याला चांगले पाते मिळाले नाही तर ते पुढे कोठे मिळणार?

जुन्या काळी या प्रश्नाला गावाने एक उत्तर दिले होते. बलुतेदारीत सुतार, लोहार, महार आणि मांग यांची गणना थोरल्या कासेत होई. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या साऱ्या व्यवस्थेची हकिकत आली आहे. लोहाराने वर्षभर कुणब्याचे फाळ, विळे, खुरपी पाजवून द्यायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन आपले धान्य घ्यायचे. दर खेपेला पैसा मोजावा लागत नसे. आजच्या भाषेत वस्तूची किंमत आणि विक्रीनंतरची सेवा ही एकाच बलुत्यात येत. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. जातीने जखडलेला तो व्यवहार होता. खळ्यावर हात आखडणारे पाटील-कुणबी होते, आणि लोहाराने तक्रार करायची ती कोणाकडे? ती मोडली याबद्दल अश्रू ढाळण्याचे कारण नाही. मात्र ती मोडताना एक गोष्ट तिच्याबरोबर गेली. ज्याने घडविले तोच पाजवीत असे. त्यामुळे वाईट लोखंड वापरले तर त्याचा त्रास त्याच्याच हाताला होई. आज विकणारा वेगळा, पाजवणारा वेगळा, आणि घडविणारा कोण याचा तर पत्ताच नाही.

गावचा लोहार नसेल तेथे अजूनही घिसाडी येतो. रस्त्याच्या कडेला पाल पडते, जमिनीत खड्डा करून भट्टी पेटते, भात्याच्या जागी आता पुष्कळ ठिकाणी हाताने फिरवायचा पंखा आला आहे, आणि ऐरणीवर काम सुरू होते. हे काम ज्यांनी पाहिले असेल त्यांना आठवेल की घण बहुधा बाईच्या हातात असतो. पुरुष सांडशीने तापलेला तुकडा धरतो, लहान हातोडीने जागा दाखवितो, आणि घरची लक्ष्मी त्या जागेवर घण घालते. नवरात्रात आपण नऊ दिवस आदिशक्तीची उपासना करतो. तिचे असे दर्शन रस्त्याच्या कडेला घडत असता आपण पालासमोर उभे राहून ‘दहा रुपये कमी कर’ म्हणतो, हे काही आपल्या उपासनेला शोभत नाही. या लोकांची बोली गुजराती-राजस्थानी वळणाची आहे; महाराष्ट्रात त्यांची गणना भटक्या जमातींत होते. त्यांच्याच जातकुळीच्या राजस्थानातील गाडिया लोहारांनी १५६८ साली चितोड पडल्यानंतर घर न बांधण्याची शपथ घेतली अशी परंपरा सांगतात, आणि १९५५ साली पंडित नेहरूंनी त्यांना समारंभाने चितोडगडावर नेले होते. आपल्या भाषेने मात्र घिसाड्यांना ‘घिसाडघाई’ हा एक शब्द तेवढा दिला, आणि तोही हलगर्जी कामासाठी. ऐरणीजवळ अर्धा तास उभा राहिलेला माणूस तो शब्द जपून वापरील. लोखंड लाल आहे तोवरच घाव पडावे लागतात. ती घाई कसबाची आहे.

घिसाडी आणि गावचे लोहार पुष्कळदा मालमोटारीच्या कमानीचे जुने पाटे तापवून त्यांची पाती करतात. काहींना हे कमअस्सल वाटते. वस्तुतः कमानीचे पोलाद हे पात्याला उत्तम. त्यात कर्बाचा अंश पुरेसा असल्याने त्याला पाणी चढते. पाणी देणे ही या धंद्यातील खरी विद्या. पाते घडून झाले की धारेची बाजू लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवायची. ताव अधिक झाला तर पाते काचेसारखे कडक होऊन टवका उडतो, कमी झाला तर शिसासारखे वाकते. किती लाल हे डोळ्यांनीच ठरवायचे, म्हणून पुष्कळ कारागीर हे काम उन्हात न करता सावलीत करतात. ‘पाणीदार’ हा शब्द आपण बैलाला, घोड्याला आणि माणसाला लावतो, तसाच तलवारीलाही लावतो. ते पाणी हेच. विश्वकर्म्याच्या पाच पुत्रांपैकी मनूकडे लोहकर्म आले अशी पांचाळांची श्रद्धा आहे, आणि हे पाणी देणे ज्याने एकदा पाहिले त्याला त्या श्रद्धेचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

दुकानातील तयार मालाची गोष्ट वेगळी. तेथे चकचकीतपणा पुष्कळ असतो आणि तो डोळ्यांना भुलवितो. न गंजणारे पोलाद म्हणजे चांगले पोलाद, असा एक समज घराघरांत रूढ आहे. न गंजणाऱ्या पोलादाचे प्रकार अनेक आहेत. ज्याची ताटे-वाट्या होतात त्या बहुतेक पोलादाला तापवून पाणी चढत नाही. त्याची सुरी केली तर ती चमकते, पण चार दिवसांत बोथट होते. सुरीला लागते ते पाणी चढणारे पोलाद, आणि त्याला लोहचुंबक घट्ट चिकटते. तेव्हा दुकानात जाताना लहानसा लोहचुंबक खिशात ठेवावा. चिकटला म्हणजे सुरी उत्तमच असे नाही, पण चिकटला नाही तर ती खुशाल परत ठेवावी. दुसरी परीक्षा कानशीची. पात्याच्या टाचेकडे, जेथे धार नाही तेथे, बारीक कानस हलकेच ओढावी. ती नुसती घसरत गेली तर पोलाद कडक आहे, लोण्यात रुतल्यासारखी रुतली तर पाणी दिलेलेच नाही. प्रामाणिक दुकानदार ही परीक्षा करू देतो. जो करू देत नाही त्याच्या दुकानातून भाव न विचारता बाहेर पडावे हे बरे.

मुठीकडेही पाहावे. पात्याचे शेपूट मुठीत किती आत गेले आहे, तोंडाशी लोखंडी कडे घट्ट बसले आहे की नाही, हे हाताने हलवून कळते. विळीत सारा भार पाटावर. पाट हलका असेल तर भोपळा चिरताना विळी पुढे कलंडते आणि मग विळ्या-भोपळ्याचे सख्य बोटावर निभावते. आपल्याकडे अखंड कोहळा घरच्या स्त्रिया प्रथम चिरत नाहीत, पुरुषाने आधी वार करायचा असतो. त्यामागील धार्मिक भाव आहे तो आहेच. पण त्या निमित्ताने घरातील पुरुषाला वर्षातून दोनदा तरी विळीची धार कशी आहे ते समजते, हाही लाभ लहान नव्हे.

धार लावणाऱ्यांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. सायकलवर चाक बसवून दारोदार फिरणारा धारवाला आता विरळा झाला. त्याच्या जागी विजेचे चाक आले. विजेचे चाक फार वेगाने फिरते. पाते त्यावर कोरडे दाबून धरले की ठिणग्यांचा फुलबाजा उडतो, मुले टाळ्या वाजवितात, आणि धारेवर निळसर झाक येते. ती झाक म्हणजे पाते भाजल्याची खूण. तेवढ्या भागाचे पाणी उतरले. अशी धार घरी येईपर्यंत तीक्ष्ण असते आणि आठ दिवसांत जाते, मग आपण म्हणतो पातेच वाईट. धारवाल्याशेजारी पाण्याचे डबडे आहे की नाही, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनंतर तो त्यात पाते बुडवितो की नाही, एवढे पाहिले तरी पुष्कळ काम होते. जुन्या शिकलगारांची हीच ख्याती होती. नांदेडच्या हुजूर साहेबांच्या तख्तावर दिवाळीपूर्वी तख्तस्नानाचा विधी होतो, त्या वेळी तेथील प्राचीन शस्त्रे गोदावरीच्या पाण्याने स्वच्छ केली जातात. आपल्याच मराठवाड्यातील ही परंपरा पाहिली म्हणजे शस्त्राची पूजा आणि शस्त्राची निगा या एकाच कामाच्या दोन बाजू होत्या हे ध्यानात येते. पांडवांनी अज्ञातवासात शमीवर शस्त्रे ठेवली तीही कशीबशी फेकलेली नव्हती. धनुष्यांच्या दोऱ्या उतरवून, नीट बांधून ठेवली होती, म्हणून वर्षाने ती उपयोगी पडली. हंगाम संपल्यावर कोयत्याला तेलाचा हात फिरवून फडक्यात गुंडाळून ठेवणारी घरे आजही आहेत, आणि मोरीच्या कडेला गंजत टाकणारीही आहेत.

आता भावाविषयी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यापाऱ्याचा नफा ठरवून द्यावा असे आहे : देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा. एवढ्या नफ्यात आजचे दुकान चालणार नाही हे उघड आहे. पण नफ्याला मर्यादा असावी, आणि ती गिऱ्हाइकाच्या अडचणीवर ठरू नये, हा विचार जुना आहे व तो आपला आहे. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात कोयत्याचा भाव चढवायचा आणि टोळ्या गेल्या की उतरवायचा, असे कोठे होत असेल तर ते त्या न्यायाला धरून नाही. उलट बाजूही बोलली पाहिजे. पात्यामागे पोलाद, कोळसा, मुठीचे लाकूड आणि दोन माणसांची मेहनत असते. कापडाच्या दुकानात छापील किमतीला निमूट पैसे मोजणारी मंडळी लोहाराच्या पालासमोर बसून घासाघीस करतात, याचे कारण एवढेच की तेथे छापील किंमत नसते आणि समोरचा माणूस दुबळा असतो. भाव विचारावा, दोन ठिकाणी पाहावा, माल पारखावा; आणि पसंत पडल्यावर पुरते पैसे द्यावेत. नवमीला जे पाते पुजायचे आहे त्याच्या घडणावळीत कोणाचा पोटाचा घास कापलेला नसावा, ही सोवळ्याओवळ्याइतकीच पाळण्याजोगी गोष्ट आहे.

दुकानदारांसाठी कायदाही आहे. ग्राहक संरक्षणाचा १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला आणि तो २०२० च्या जुलैपासून लागू झाला. विकलेली वस्तू सदोष निघाली आणि बिलावर वेगळी मुदत दिलेली नसेल, तर तीस दिवसांच्या आत ती परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणे हीदेखील तशीच. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी लावली म्हणून टवका उडालेल्या कोयत्याची जबाबदारी टळत नाही. मात्र कोयता घेणारा तीस दिवसांनी कड्यात नसतो, सांगली-कोल्हापुराकडे कोठेतरी फडात असतो, ही या कायद्यातील ग्यानबाची मेख आहे. म्हणून त्याने बिल घ्यावे हे तर खरेच, पण त्याहून बरे हे की निघण्याच्या आधी दहा-बारा दिवस कोयता घ्यावा, गावातल्या गावात ज्वारीच्या धाटांवर, बाभळीच्या फांदीवर चालवून पाहावा, आणि खोट निघाली तर तेव्हाच दुकान गाठावे. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये हा संकेत पाळणारी घरे पुष्कळ आहेत. त्यांनी तो जरूर पाळावा, तरी आठवड्याचे सहा दिवस उरतातच.

कोयत्याच्या नावाला शहरात अलीकडे काळिमा लागला. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात कोयता घेऊन दहशत माजविणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या रोज येत, तेव्हा कोयते विकणाऱ्यांकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. गुन्हेगारांचा बंदोबस्त कठोरपणे व्हावा याविषयी दुमत नाही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही घरकामासाठी आणि शेतीसाठी घडविलेली पाती वेगळी काढली आहेत, हे लक्षात ठेवून लोहाराच्या पालावर जाणाऱ्या शिपायाने आपले बोलणे सौम्य ठेवावे.

कड्याच्या आणि अशाच इतर बाजारगावांच्या कारभाऱ्यांकडे एक मागणे आहे. गावात मंदिराचा सभामंडप होतो, कमान होते, त्यांवर देणगीदारांची नावे कोरली जातात. बाजारतळावर लोहार-घिसाड्यांसाठी एक दगडी ओटा, वर पत्रा, आणि बाजूला पाण्याचा नळ एवढे कोणी बांधून दिले तर? भट्टीसाठी जागा ठरलेली असेल तर पाल हलविण्याची पाळी येणार नाही. मनुष्य दर बाजाराला त्याच जागी सापडेल, आणि जो त्याच जागी सापडतो तो वाईट माल देऊ शकत नाही. वजनमापाची जशी तपासणी होते तसा तेथे पाजवणीचा दर फळ्यावर लिहावा. नवरात्र मंडळांना हे काम फार मोठे नाही. एका वर्षाच्या रोषणाईतून तो ओटा उभा राहील.

राहिली जुन्या पात्यांची गोष्ट. टोळ्या साधारण पाडव्याच्या आगेमागे परततात, तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडात एक-दोन झिजलेले कोयते असतात. तांब्यापितळेच्या दुकानात जुने भांडे देऊन, मोडीचा भाव वजा करून नवे घेण्याची रीत आपल्या आयाबहिणींना चांगली ठाऊक आहे. पात्यांना ती रीत का नसावी? झिजलेल्या कोयत्यातून खुरपे निघते, खुरपे झिजले तर भाजीची लहान सुरी होते. लोहाराला घडविण्याजोगे पोलाद मिळते आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच दारात येते. कड्यातील एखाद्या दुकानदाराने येत्या पाडव्याला ‘जुने कोयते मोडीत घेतले जातील’ अशी पाटी लावून पाहावी. मोडीचा भाव भंगारवाल्यापेक्षा चार पैसे अधिक ठेवावा, एवढीच त्यात अट.